भूलतज्ज्ञांच्या सभेत

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली म्हणजे आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे दोघांचे उपकार स्मरतात. पहिले परमेश्वराचे, त्यासाठी उपकारस्तुतीची मिस्सा सांगितली जाते. दुसरे सर्जनसाहेबांचे, त्यांच्या घरी पेढ्यांचा पुडा जातो आणि दिवस मे महिन्याचे असले तर आंब्यांची पेटीही जाते. शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा श्वास न् श्वास पाहणारी एक तिसरी व्यक्ती तेथे असते. तिचे नाव मात्र कोणाला ठाऊक नसते. आमचे स्वतःचे हर्नियाचे ऑपरेशन झाले तेव्हा सर्जनसाठी आम्ही मिस्सेत नावानिशी प्रार्थना केली. भूल देणारे गृहस्थ कोण होते ते आम्हाला आजही सांगता येणार नाही. 'फादर, आता दहापासून उलटे अंक मोजा,' असे ते म्हणाले होते. सातपर्यंत पोचल्याचे स्मरते.

२०२३ सालच्या जून महिन्यात रविवारची मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत असताना आमच्या गायनवृंदातील एक डॉक्टरबाई दाराशी आल्या. त्या व्यवसायाने भूलतज्ज्ञ. "फादर, आमच्या शाखेच्या मासिक सभेत वीस मिनिटे बोलाल का?" असे त्यांनी विचारले. आमच्या प्रवचनाने लोकांना झोप लागते ही वार्ता त्यांच्या संघटनेपर्यंत पोचलेली दिसते, असे आम्ही म्हणालो. त्या हसल्या, परंतु लगेच गंभीर होऊन म्हणाल्या, "एकोणीसशे सत्तावन्न सालावर बोलायचे आहे. बारावे पायस आणि भूलतज्ज्ञ." आम्ही मोठ्या जाणतेपणाने मान डोलावली. १९५७ साली काय घडले होते हे त्या क्षणी आम्हाला मुळीच आठवत नव्हते, हे येथेच कबूल केलेले बरे.

भूलतज्ज्ञांची 'इंडियन सोसायटी ऑफ अनेस्थेशिऑलॉजिस्ट्स' ही देशव्यापी संघटना १९४७ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, स्थापन झाली. तिच्या राज्यवार व शहरवार शाखा आहेत. वार्षिक अधिवेशने मोठी असतात. पण खरे शिकणे शहरातल्या छोट्या सभांतून होते, असे डॉक्टरबाईंचे मत. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना डॉक्टरांना शिक्षण चालू ठेवल्याचे तीस श्रेयांक दाखवावे लागतात, म्हणून काही जण येतात हेही त्यांनी सांगितले. धर्मगुरूंना असे श्रेयांक लागू केले तर आमच्यापैकी कितीजणांचे नूतनीकरण होईल, हा विचार आमच्या मनात येऊन गेला.

सभा शनिवारी रात्री आठ वाजता एका रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात होती. आठ वाजता आम्ही आणि चहावाला असे दोघेच होतो. हळूहळू मंडळी आली. कोणी तीन नर्सिंग होम्स फिरून आलेला, तर कोणाला अजून एका सिझेरियनसाठी बोलावणे येण्याची धास्ती. आमच्या शेजारी बसलेल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हाला विचारले, "फादर, तुमच्यातही उपवास असतो ना?" ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास, असे आम्ही सांगितले. "आमचा घन अन्नासाठी सहा तासांचा," ते म्हणाले, "आणि तरीही लोक टेबलावर झोपून सांगतात, डॉक्टर, फक्त एक इडली खाल्ली." लोक आम्हालाही असेच सांगतात. फरक इतकाच की त्यांच्याकडे खोटे बोलणाऱ्याच्या पोटातील अन्न भूल दिल्यावर फुफ्फुसात उतरून तो दगावू शकतो.

प्रथम एक तरुण डॉक्टर उभी राहिली. आपल्याला शाबासकी मिळालेले काही ती सांगणार, अशी आमची समजूत. सांगितले ते वेगळेच. मध्यरात्रीचे सिझेरियन. मणक्यात भूल द्यायची होती. ट्रेमध्ये भुलीचे औषध आणि रक्तस्राव थांबविण्याचे औषध यांच्या काचेच्या कुप्या शेजारी शेजारी होत्या आणि दिसायला सारख्या होत्या. तिने रक्तस्रावाचे औषध सिरिंजमध्ये भरले. सुई मणक्यापर्यंत नेण्यापूर्वी परिचारिकेने रिकामी कुपी उचलून तिच्यावरचे नाव मोठ्याने वाचले, म्हणून अनर्थ टळला. ते औषध मणक्यात गेले असते तर झटके येऊन ती माता बहुधा वाचली नसती. माता आणि मूल दोन्ही सुखरूप घरी गेली. त्यांना यातले काही कळलेही नाही. त्या डॉक्टरने हे सांगितले नसते तर ते परिचारिकेखेरीज कोणालाच कळले नसते. तिचा आवाज कापत होता, तरी तिने सर्व सांगितले.

सभेचे अध्यक्ष म्हणजे आमच्या शेजारचेच ते ज्येष्ठ डॉक्टर. त्यांनी तिचे आभार मानले व तीन प्रश्न विचारले. काय घडले? का घडले? पुन्हा घडू नये म्हणून काय केले? 'कोणामुळे घडले' हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. रक्तस्रावाचे औषध आता मणक्याच्या ट्रेमध्ये ठेवले जात नाही, त्याचे कपाटच वेगळे केले, असे तिने सांगितले. मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी हात वर करून, आपल्याकडे अजून दोन्ही एकत्रच असतात, उद्याच वेगळी करतो, असे म्हटले. मराठीने गुंगीला आणि चुकीला 'भूल' हा एकच शब्द का दिला असावा, याचा आम्ही त्या वेळी विचार करीत बसलो.

आम्हा धर्मगुरूंच्याही अशा सभा होत्या. १९१७ च्या धर्मसंहितेच्या १३१ व्या कलमाने धर्मगुरूंनी वर्षातून अनेकदा एकत्र जमून नीतिशास्त्राच्या व उपासनेच्या प्रश्नांवर चर्चा करावी, असा दंडक घातला होता. जुन्या धर्मगुरूंकडून आम्ही त्यांची वर्णने ऐकली आहेत. एखादा 'प्रसंग' मांडला जाई. त्यातील पात्रांची नावे लॅटिन ग्रंथांतून आलेली, म्हणजे तितियुस आणि बेर्ता. तितियुसने चोरलेली गाय बेर्ताने अजाणता विकत घेतली, तर भरपाई कोणी करावी, अशा धर्तीचे प्रश्न. बुद्धीला उत्तम व्यायाम होई. परंतु 'हे माझ्या हातून घडले' असे वाक्य त्या सभांत कधी उच्चारले गेल्याचे कोणी सांगितले नाही. आमच्या डीनरीच्या बैठकीत हल्ली तितियुसही नसतो. धर्मशिक्षणाच्या परीक्षांच्या तारखा आणि सणाच्या मंडपाचे भाडे हेच विषय असतात.

आता त्या १९५७ सालाकडे वळावयास हवे. तत्पूर्वी थोडे मागचे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ देऊन रुग्णाला वेदनेविना शस्त्रक्रिया सोसता येते हे जाहीरपणे दाखविले. पुढल्याच वर्षी २२ मार्चला कलकत्त्यात ईथर वापरले गेले. त्याच १८४७ मध्ये स्कॉटलंडचे जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरले आणि धार्मिक आक्षेपांना उत्तर म्हणून एक पुस्तिकाही लिहिली. 'तू वेदनेने मुलांना जन्म देशील' या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील वचनाचा आधार घेणाऱ्यांना त्यांनी दुसरा अध्याय दाखविला. परमेश्वराने आदामाची बरगडी काढली ती त्याला गाढ झोपेत घालून. भूलतज्ज्ञांना ही गोष्ट फार आवडते, असे आमच्या ध्यानी आले आहे.

वेदना टाळणे श्रद्धेला धरून आहे काय, हा प्रश्न मात्र त्यानंतरही शंभर वर्षे अनेकांच्या मनात राहिला. आपल्या घरांतील आजीबाई 'सोस रे बाळा, देवाला अर्पण कर' म्हणत आल्या, यात खोटे काही नाही. पण सोसणे हे बंधन आहे काय? १९५६ च्या ऑक्टोबरात इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे अधिवेशन रोममध्ये भरले आणि त्या डॉक्टरांनी आपल्या अधिवेशनातून पोपमहोदयांकडे तीन प्रश्न पाठविले. वेदनाशमन नाकारून वेदना स्वीकारणे हे सर्वांवर नैतिक बंधन आहे काय? औषधाने शुद्ध हरपविणे शुभवर्तमानाच्या वृत्तीशी जुळते काय? मरणाच्या दारी असलेल्या रुग्णाला, आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला तरी, वेदना शमविण्यासाठी ही औषधे द्यावीत काय? २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी उत्तर दिले. असे सर्वसामान्य बंधन नाही. शुद्ध हरपविण्यास योग्य कारण असेल तर आडकाठी नाही. तिसऱ्या प्रश्नालाही होकार. अट एवढीच की अन्य उपाय नसावा आणि रुग्णाची धार्मिक व नैतिक कर्तव्ये अडू नयेत. क्रूसावर प्रभूने गंधरस मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही, हे खरे. तो न घेणे ही त्याची स्वेच्छा होती. ती दुसऱ्याच्या वेदनेवर आज्ञा म्हणून लादता येत नाही. (ख्रिस्तप्रसादापूर्वीचा मध्यरात्रीपासूनचा उपवास सर्वांसाठी तीन तासांवर आणला तोही याच पोपमहोदयांनी, याच वर्षीच्या मार्चमध्ये.)

दुसरा प्रश्न याहून कठीण होता आणि तोही भूलतज्ज्ञांनीच विचारला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वास बंद पडलेल्या मुलांना वाचविण्यासाठी ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहातील आपली विद्या वॉर्डात आणली. घशात नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देत राहायचे. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. आजच्या अतिदक्षता विभागाचे मूळ तेथे आहे. पुढे हाताची जागा यंत्राने घेतली. यंत्र थकत नाही. म्हणून इन्सब्रुक येथील विद्यापीठाच्या शस्त्रक्रिया विभागातील भूलतज्ज्ञ डॉ. ब्रुनो हाइड यांनी पोपमहोदयांना विचारले की, आशा उरली नसतानाही हे यंत्र लावलेच पाहिजे काय, आणि लावल्यावर काही दिवसांत सुधारणा न झाल्यास काढता येते काय?

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी दिलेले उत्तर असे. जीव जपण्यासाठी माणूस साधारण साधने वापरण्यास बांधलेला आहे. म्हणजे स्थळ, काळ व परिस्थिती पाहता जी स्वतःवर वा दुसऱ्यावर असह्य भार टाकीत नाहीत ती. त्यापलीकडे बंधन नाही. हा प्रयत्न कुटुंबावर असा भार होत असेल की सदसद्विवेकाने तो त्यांच्यावर लादता येऊ नये, तर ते डॉक्टरांना थांबण्यास सांगू शकतात आणि डॉक्टर ते मानू शकतात. मृत्यूचा क्षण नेमका कोणता हे ठरविणे ख्रिस्तसभेच्या अधिकारात येत नाही, ते वैद्यकाचे काम, असेही त्यांनी स्पष्ट केले. साठ वर्षांनी, २०१७ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी याच भाषणाची आठवण करून दिली. रुग्णाला ठार करणे निराळे आणि जे आता उपयोगाचे नाही ते थांबविणे निराळे, हा भेद तेव्हापासून ख्रिस्तसभेने सोडलेला नाही.

भाषणाच्या तयारीसाठी आम्ही माळ्यावरून सेमिनरीतील वह्यांची पेटी काढली. नीतिशास्त्राच्या वहीत, आमच्याच अक्षरात, 'साधारण व असाधारण साधने' हे शीर्षक होते आणि खाली '२४ नोव्हेंबर १९५७' ही तारीख तांबड्या शाईने अधोरेखित केलेली होती. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि आम्हाला बरे गुण पडले होते, हेही आठवले. वही मिटून आम्ही बराच वेळ माळ्याच्या शिडीवर बसून राहिलो.

कारण २००३ साली, आम्ही साहाय्यक धर्मगुरू असताना, आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ मेंदूत रक्तस्राव होऊन मुंबईतील एका रुग्णालयात श्वसनयंत्रावर होते. रुग्णाभ्यंगाचा संस्कार आम्हीच दिला होता. अकराव्या दिवशी अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनी, तेही भूलतज्ज्ञच होते, मुलांना शांतपणे सांगितले की यातून परत येणे नाही. घरी न्यावयाचे असल्यास नेता येईल. यजमानांनी आपल्या खाटेवर, आपल्या अल्ताराखाली डोळे मिटावेत अशी त्यांच्या पत्नीची इच्छा होती. थोरला मुलगा रात्री आमच्याकडे आला. "फादर, नेले तर पाप लागेल का?" त्याने विचारले. प्रश्न कायद्याचा नव्हता. कायदा तेव्हा धूसर होता आणि डॉक्टरांनाही त्याची भीती वाटे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वाट मोकळी केली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी ती अधिक सोपी केली. मुलाने विचारले होते ते पापाविषयी आणि त्याचे उत्तर आमच्या वहीत तांबड्या शाईने लिहिलेले होते. आम्ही म्हणालो, "जीव देणारा परमेश्वर आहे. आपण मध्ये हात घालू नये." ते आम्हाला सुरक्षित उत्तर वाटले. सुरक्षित कोणासाठी, हे आम्ही पाहिले नाही.

ते आणखी सव्वीस दिवस यंत्रावर होते. भेटीची वेळ संध्याकाळी दहा मिनिटे, तीही एकाच व्यक्तीला. रुग्णालयाचे देणे भागविण्यासाठी कुटुंबाने भाताचे शेत विकले. तेथे आज चार मजली इमारत उभी आहे आणि तिच्यातील श्रद्धावंतांच्या घरी आशीर्वाद देण्यास आम्ही गेलो आहोत. सदतिसाव्या दिवशी त्यांचा प्राण गेला. त्या वेळी जवळ एक परिचारिका होती. अंत्यविधीच्या मिस्सेत आम्ही कुटुंबाच्या सेवेची फार प्रशंसा केली.

सभेत आम्ही दोन्ही भाषणांविषयी बोललो आणि वीस मिनिटांची मर्यादा पाळली, जे आमच्या बाबतीत विरळाच. प्रश्न विचारले गेले. कुटुंब पैशासाठी घाई करीत असेल तर काय, असे एकाने विचारले. भार खरा आहे की सबब, हे पाहावेच लागेल, पण पैशाचा भार हा भारच नव्हे असे म्हणण्याचा अधिकार तो न सोसणाऱ्याला नाही, असे आम्ही म्हणालो आणि म्हणताच थांबलो. मग आम्ही म्हणालो, "आमचाही एक प्रसंग मांडावयाचा आहे." आणि वर लिहिले तेवढे सर्व, नाव न घेता, सांगितले. त्या सभेत ख्रिस्ती डॉक्टर दोन-तीनच असतील. कोणीही खाली पाहिले नाही, कोणी सांत्वनही केले नाही. अध्यक्षांनी आमचे आभार मानले. नंतर त्या तरुण डॉक्टरला विचारले होते त्याच सुरात त्यांनी विचारले, "फादर, पुन्हा घडू नये म्हणून काय केले?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. वीस वर्षांत आम्ही काहीच केलेले नव्हते.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्या ओट्यावर बसून शेंगा सोलीत होत्या. आम्ही उभ्यानेच सांगितले की त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर चुकीचे होते. त्यांना घरी आणले असते तर पाप लागले नसते. ख्रिस्तसभेची शिकवण तेव्हाही तशीच होती आणि ती आम्हाला शिकविलेली होती. त्यांनी शेंगांचे सूप बाजूला ठेवले. "जमीन गेली त्याचं काही नाही, फादर," त्या म्हणाल्या. "ती धाकट्याच्या डोक्यात आहे, माझ्या नाही. मला त्यांचा हात धरायचा होता. नळ्या होत्या, बाई म्हणाली हात लावू नका." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग हे तुम्ही थोरल्याला सांगाल का? त्याला वाटतं, त्यानंच त्यांना तिथं ठेवलं." आम्ही सांगू म्हणालो. तो दुबईहून डिसेंबरात आला तेव्हा सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने चहा मागविला. धाकटा मात्र आम्हाला अजून भेटलेला नाही.

डीनरीच्या बैठकीत आम्ही सुचविले की दर वेळी एका धर्मगुरूने स्वतःच्या हातून घडलेला एक प्रसंग मांडावा, नावे गाळून, आणि ते तीन प्रश्न विचारले जावेत. सूचना एकमताने मान्य झाली. पहिला प्रसंग आम्ही मांडला. त्यावर चांगली चर्चा झाली. रुग्णालयात श्वसनयंत्रावरील रुग्णाच्या घरच्यांनी विचारल्यास काय सांगावे, याचा एक पानी मजकूर आमच्या डॉक्टरबाईंच्या मदतीने तयार करून प्रत्येक धर्मग्रामाला पाठविला आहे. अन्नपाणी व वेदनाशमन शेवटपर्यंत चालू ठेवण्याबद्दलही त्यात लिहिले आहे. दुसरा प्रसंग मांडण्यास अद्याप कोणी पुढे आलेले नाही. पुढील बैठक पावसाळ्यानंतर आहे.